आधी अर्ज, मग कुदळ: दक्षिण कॅलिफोर्नियात लॉन काढून रिबेट कसं मिळवायचं

दक्षिण कॅलिफोर्नियात नवं घर घेतलेली मराठी कुटुंबं मला दर उन्हाळ्यात एकच प्रश्न विचारतात: लॉन काढलं की पाणीखातं पैसे देतं म्हणे, खरं का? खरं आहे. पण पैसे नुसतं लॉन काढल्याबद्दल मिळत नाहीत. आधी मंजुरी घ्यायची, मग लॉन काढायचं आणि तिथे ठरावीक नियमांची, कमी पाण्याची बाग उभी करायची, तेव्हा कुठे चेक येतो. हा क्रम चुकला तर बाग कितीही सुंदर झाली तरी रिबेट हातचं जातं.

आमचं थोडं गेलंच. फूटपाथलगतची दीडेकशे चौरस फुटांची पट्टी मी एका शनिवारी उत्साहाच्या भरात उकरून टाकली आणि अर्ज भरायला सोमवारी बसलो. फोटोत जिथे गवत दिसलं नाही, तिथले पैसे मिळाले नाहीत. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

एका लॉनला पाणी किती लागतं

एक चौरस फूट जागेवर एक इंच पाणी म्हणजे 0.62 गॅलन. लॉस एंजेलिस भागात वर्षभराच्या बाष्पीभवनाचा हिशेब सुमारे 50 इंच धरतात आणि थंड हवामानातल्या गवताचं नेहमीचं लॉन त्यातलं 80 टक्के, म्हणजे 40 इंच मागतं. हजार चौरस फुटांच्या लॉनला वर्षाला झाले जवळजवळ 25 हजार गॅलन. स्प्रिंकलरचं पाणी वाऱ्यावर उडतं, फूटपाथवर वाहतं. ती गळती धरली तर 33 हजार गॅलन, म्हणजे सव्वा लाख लिटर. हिवाळ्यातल्या पावसाने यातलं थोडं भागतं, पण लॉनला खरी तहान लागते ती उन्हाळ्यात आणि तेव्हा इथे थेंब पडत नाही.

मी लातूरकडचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींमधून 5 लाख लिटर पाणी आलं होतं. माझ्या गल्लीतली चार-पाच लॉनं वर्षभरात तेवढं पाणी पितात, आणि त्यांवर कुणी पाऊलही ठेवत नाही. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही. रिबेटचे पैसे हवेतच, पण मी लॉन काढलं ते यासाठी.

इथलं पाणीही दुरून येतं. कोलोरॅडो नदीवरच्या लेक हवासूपासून 242 मैलांचा कालवा वाळवंट आणि डोंगर ओलांडून येतो. दुसरा मोठा वाटा उत्तर कॅलिफोर्नियातून. हे पाणी घाऊक आणून स्थानिक संस्थांना देणारी संस्था म्हणजे मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट. 26 सदस्य संस्था आणि सुमारे 1 कोटी 90 लाख लोक तिच्यावर अवलंबून आहेत. लॉनचं रिबेट मुळात तिचं.

पैसे कोण देतं, किती देतं

तुमचं पाण्याचं बिल काढा आणि वर कोणत्या संस्थेचं नाव आहे ते पाहा. मेट्रोपॉलिटनचं मूळ रिबेट चौरस फुटाला 2 डॉलर, घरासाठी जास्तीत जास्त 5,000 चौरस फुटांपर्यंत. अर्ज सोकॅल वॉटरस्मार्ट या संकेतस्थळावरून होतो. काही स्थानिक संस्था त्यात आपली भर घालतात. लॉस एंजेलिस शहराच्या पाणी-वीज खात्याने 2022 च्या अखेरीस घरांसाठी हा दर 5 डॉलरवर नेला. म्हणजे 800 चौरस फुटांच्या लॉनचे एका गावात 1,600 डॉलर होतात, तर शेजारच्या गावात 4,000.

दर आणि निधी बदलत राहतात. एप्रिल 2015 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी राज्यभर 25 टक्के पाणीकपातीचा हुकूम काढला, लोक रिबेटवर तुटून पडले आणि मेट्रोपॉलिटनचा सुमारे 34 कोटी डॉलरचा निधी त्याच जुलैपर्यंत संपला. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर बागेचं बजेट बांधू नका. ज्या दिवशी अर्ज भरणार, त्या दिवशीचा दर पाहा.

घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. आणि हे ध्यानात असू द्या की सगळा खर्च आधी तुम्ही करायचा आहे. चेक काम पुरं झाल्यावर येतो.

खोटं गवत घालू का?

जवळजवळ प्रत्येक नव्या घरमालकाच्या डोक्यात पहिलं तेच असतं. पाणी नको, कापणं नको, बारा महिने हिरवंगार. त्यामुळे इथे जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट, सोकॅल वॉटरस्मार्टच्या रिबेटमध्ये कृत्रिम गवत बसत नाही. ठेकेदार ‘रिबेट मिळेल’ म्हणाला तरी बसत नाही. चौरस फुटाला 10 ते 20 डॉलर मोजून ते घालायचं आणि वर रिबेटची वाट पाहायची, असं काही घरांत झालेलं मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. भर उन्हाळ्यात दुपारी त्याचा पृष्ठभाग 65 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. मुलं अनवाणी खेळतील म्हणून आपण ते घालतो आणि ज्या महिन्यांत मुलं बाहेर असतात त्याच महिन्यांत त्यावर पाय ठेववत नाही. थंड करायला पुन्हा पाणीच मारावं लागतं. कुत्रा असेल तर वासासाठी धुवावं लागतं. दहा-पंधरा वर्षांनी ते झिजलं की सगळा प्लास्टिकचा गालिचा कचऱ्यात जातो. त्याखालच्या मातीत तोवर गांडूळ उरलेलं नसतं.

कायदाही बदलला आहे. पूर्वी कॅलिफोर्नियातल्या शहरांना घरमालकाच्या कृत्रिम गवताला मनाई करता येत नव्हती. 2023 च्या एका कायद्याने ती मोकळीक शहरांना परत मिळाली आणि मिलब्रे, सॅन मरिनो यांसारख्या गावांनी बंदी आणली. त्यामुळे घालायचंच असेल तर आधी नगरपालिकेला विचारा.

घरात अगदी लहान मूल आहे, बॅकयार्डात सावली आहे आणि शे-दीडशे फुटांचा मऊ तुकडा हवाच आहे, तर तेवढा स्वतःच्या पैशाने घाला आणि रिबेटच्या मोजमापातून बाहेर ठेवा. त्याहून जास्त मी कुणालाच सुचवणार नाही.

पायरी 1: मोजा आणि फोटो काढा

टेपने लॉनचे आयत पाडून मोजा. सिमेंटचा रस्ता, झाडांचे वाफे, आधीच उघडी असलेली माती वजा करा. मग फोटो. घराचं दार, खिडकी किंवा ड्राइव्हवे फोटोत दिसेल असे, चारी बाजूंनी, आणि स्प्रिंकलरचे वेगळे. फोटो कुठे उभं राहून काढला ते लिहून ठेवा, कारण काम झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हा काढायचे असतात. या टप्प्यावर गवताला हात लावायचा नाही. पाणी तोडून ते वाळवूही नका. लास वेगासमध्ये तर जिवंत गवतच मोजलं जातं.

पायरी 2: एचओए

तुमच्या वसाहतीत एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर घाबरू नका. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेतलं कलम 4735 सांगतं की लॉनच्या जागी कमी पाण्याची झाडं लावायला एचओए मनाई करू शकत नाही. झाडांची उंची, खडीचा रंग, आखणी यांबद्दल नियम मात्र करू शकते. म्हणून आराखडा त्यांना आधीच पाठवा आणि मंजुरीचं पत्र घेऊन ठेवा. भांडायला गेलात तर सहा महिने जातील. आराखडा हातात घेऊन गेलात तर बहुधा एका बैठकीत काम होतं.

पायरी 3: आराखडा

खरं काम हेच, आणि ते कागदावर फुकट होतं. मेट्रोपॉलिटनच्या अटी साध्या भाषेत अशा: दर 100 चौरस फुटांना किमान 3 झाडं. उघडी माती कुठेही दिसता कामा नये, तिच्यावर आच्छादन हवं. हवेत पाणी उडवणारे स्प्रिंकलर त्या जागेतून काढून टाकायला हवेत. पाणी जिरू न देणारं सिमेंट घालायचं नाही. वाट करायची तर खडीची किंवा सुट्या फरशांची, मधून पाणी झिरपेल अशी. आणि पावसाचं पाणी धरून ठेवणारी एक तरी सोय हवी.

या शेवटच्या अटीला लोक दचकतात, पण आपल्याला ती नवी नाही. शेताच्या बांधावर चर काढतो, तेच. छताचं पाणी जिथे खाली येतं तिथून घरापासून लांब जाणारा उथळ चर काढा, त्यात गोटे टाका आणि शेवटी एक बशीसारखा खोलगट वाफा करा. हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला तर 620 गॅलन पाणी मिळतं. आज ते गटारातून समुद्रात जातं. फक्त एक सांभाळा: पाणी घराच्या पायाकडे वळू देऊ नका.

झाडं निवडताना नर्सरीतल्या फुलांना भुलू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाची वुकोल्स नावाची यादी आहे, त्यात तुमच्या भागात कोणत्या झाडाला पाणी कमी लागतं, कोणत्याला मध्यम, ते दिलेलं असतं. ‘कमी’ लिहिलेलीच बहुतेक घ्या. आमच्याकडे क्लीव्हलँड सेज आहे, त्याच्या पानांना हात लागला की अंगणभर वास सुटतो. कॅलिफोर्निया बकव्हीटवर मधमाश्या सतत असतात. डिअर ग्रासचे झुबके वाऱ्यावर डोलतात आणि हिरवळीची आठवण भागवतात. यॅरो जमिनीलगत पसरतं, त्यावरून थोडं चालताही येतं. मोठ्या जागेला टोयॉन, मॅन्झानिटा किंवा सियानोथस. एक गॅलनच्या कुंडीतलं रोप केवढंसं दिसतं म्हणून दाटीवाटीने लावू नका. तीन वर्षांनी बकव्हीट चार-पाच फूट पसरतं.

जास्वंद, मोगरा हवाच, देवाला फुलं हवीतच. त्यांना पाणी जास्त लागतं, तेव्हा ती कुंड्यांत किंवा एका कोपऱ्यात वेगळ्या ठिबक लाइनवर ठेवा. कढीपत्त्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो: मैत्रिणीच्या बागेतलं रोप दुसऱ्या गावाहून गाडीत घालून आणू नका. कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांच्या कुळातला आहे, त्यांना मारणाऱ्या रोगाची वाहक कीड त्यावर वाढते, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या भागात त्यासाठी क्वारंटाइन आहे. परवानाधारक नर्सरीतूनच घ्या.

पायरी 4: अर्ज आणि वाट पाहणं

पाण्याच्या बिलाची प्रत, फोटो, मोजमाप आणि आराखडा जोडून अर्ज भरा. मंजुरी आली की पैसे तुमच्या नावे राखले जातात आणि काम पुरं करायला 180 दिवस मिळतात. ती मंजुरी येईपर्यंत कुदळ शेडमध्येच राहू द्या.

या 180 दिवसांचं गणित आधी मांडा. इथे झाडं लावायचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण पुढचा पाऊस मुळं धरून देतो. गवत उन्हाने मारायचं असेल तर त्याला जुलै-ऑगस्ट लागतात. म्हणजे मंजुरी जूनमध्ये हातात पडली तर दोन्ही कामं बसतात. जानेवारीत मंजुरी घेतलीत तर लागवड उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि कोवळी रोपं वाचवायला जास्त पाणी घालावं लागतं.

पायरी 5: गवत मारणं, आणि आपली हरळी

खणण्याआधी 811 ला फोन करा. सेवा फुकट आहे. निदान दोन कामाचे दिवस आधी कळवायचं, मग गॅस-विजेच्या लाइनी कुठून जातात त्या खुणा करून देतात.

तुमचं लॉन फेस्क्यूसारख्या थंड हवामानातल्या गवताचं असेल तर काम सोपं आहे. गवत अगदी खाली कापा, चांगलं भिजवा, वर चिकटपट्ट्या काढलेला साधा पुठ्ठा सहा-सहा इंच एकमेकांवर येईल असा अंथरा, पुन्हा भिजवा आणि वर तीन-चार इंच लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन टाका. गवत खालीच कुजून मातीत मिसळतं. रोपं लावायला पुठ्ठ्यात भोक पाडायचं.

पण दक्षिण कॅलिफोर्नियात अनेक ठिकाणी असतं ते बर्म्युडा गवत, आणि बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. तीच, जिच्या कोवळ्या पात्या आपण दुर्वा म्हणून गणपतीला वाहतो. शेतकऱ्याच्या घरातला कुणीही सांगेल की हरळीची मुळी तुकड्यातून फुटते. पुठ्ठ्याला ती भीक घालत नाही. कडेने बाहेर येते. तिला यंत्राने उकरलंत तर एकाच्या शंभर मुळ्या होतात. तिच्यासाठी उन्हाळ्यात गवत कापून, भिजवून, पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरा, कडा मातीत पुरा आणि सहा आठवडे तसंच ठेवा. किनाऱ्याजवळ धुकं असतं, तिथे जास्त वेळ लागतो. नंतर पुन्हा पाणी मारून जे फुटेल ते मुळासकट काढा, आणि हा फेरा दोनदा करा. घाई करणाऱ्याला हरळी पुढची तीन वर्षं पुरते.

सगळी मारण्याआधी आम्ही एक गड्डा कुंडीत लावून ठेवला. दर भाद्रपदात दुर्वा घरच्या असतात. कुंडी सिमेंटवर ठेवा, मातीवर नको.

पायरी 6: ठिबक, आणि जुनी झाडं

स्प्रिंकलरची डोकी काढून एका ठिकाणी ठिबकचा जोडणीसंच बसतो: गाळणी, दाब कमी करणारा नियंत्रक आणि नळी. बाकीची तोंडं टोपी लावून बंद करायची. ज्यांच्या घरी द्राक्षाची किंवा डाळिंबाची बाग आहे त्यांना हे शिकवायला नको. पाणी कमी लागणारी झाडं एका व्हॉल्व्हवर, जास्त लागणारी दुसऱ्यावर.

लॉनमध्ये जुनं झाड उभं असेल तर इकडे नीट लक्ष द्या. ते वर्षानुवर्षं लॉनचंच पाणी पीत आलं आहे. स्प्रिंकलर बंद केले आणि त्याची वेगळी सोय केली नाही, तर दोन उन्हाळ्यांत ते वाळतं. बागेचं रिबेट मिळवताना चाळीस वर्षांची सावली गमावलेली घरं मी पाहिली आहेत. खोडापासून लांब, फांद्यांच्या कडेखाली ठिबकचं वर्तुळ फिरवा आणि उन्हाळ्यात महिन्यातून एक-दोनदा सावकाश, खोलवर पाणी द्या. त्या झाडाच्या मुळांवर प्लास्टिक अंथरू नका.

हवामान पाहून आपोआप पाणी कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरवर सोकॅल वॉटरस्मार्टचं वेगळं रिबेट असतं, मूळ दर 80 डॉलर. पावसाच्या पिंपाला 35. अर्ज वेगळे भरावे लागतात.

ठेकेदार नेमायचा असेल तर

बागकामाचा सी-27 परवाना आहे का ते राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर मंडळाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी आगाऊ रक्कम एकूण कराराच्या 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यांतलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. त्याहून जास्त मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. करारात लिहून घ्या की रिबेटच्या मंजुरीआधी काम सुरू होणार नाही आणि झाडांची संख्या आराखड्याप्रमाणेच राहील.

पायरी 7: शेवटचे फोटो, चेक, कर

लागवड झाली, तीन इंच आच्छादन पडलं (खोडाला न भिडवता), चर झाला, ठिबक चालू झालं की जुन्याच जागांवरून फोटो काढा. झाडं मोजता येतील असे काढा. 800 चौरस फुटांना 24 झाडं हवीत. दोन मेली असतील तर आधी बदला. पावत्या जोडा आणि 180 दिवस संपायच्या आत पाठवा. तपासणीला माणूसही येऊ शकतो.

तुमच्याकडे डब्ल्यू-9 फॉर्म मागितला तर गोंधळू नका, तो करासाठी असतो. रक्कम मोठी असेल तर वर्षाअखेरीस 1099 नावाचा कराचा फॉर्म येऊ शकतो. तो बाजूला न टाकता तुमचा कर पाहणाऱ्या सीपीएला द्या.

इतर भागांत असाल तर

सॅन होजे भागात व्हॅली वॉटर या पाणीसंस्थेचं, ओकलंड बाजूला ईबमड या पाणीसंस्थेचं स्वतःचं रिबेट आहे. लास वेगासमध्ये सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटीची योजना 1999 पासून चालू आहे. तिथे झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा झाकली गेली पाहिजे, अशी अट आहे. रकमा आणि याद्या वेगळ्या, पण मंजुरी आधी हे सगळीकडे सारखं.

पहिले दोन उन्हाळे

देशी झाडं ‘पाण्याशिवाय’ जगतात हे मुळं खोल गेल्यावर खरं ठरतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, कडक उन्हात दोनदा, मुळापर्यंत पोचेल असं सावकाश पाणी द्या. बोट दोन-तीन इंच मातीत घालून पाहा. ओल लागली तर त्या दिवशी ठिबक बंद. दुसऱ्या उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी. तिसऱ्या वर्षी बकव्हीट आणि सेजला महिन्यातून एकदा पुरतं, आणि ऑगस्टमध्ये ती थोडी करडी पडली तर ते त्यांचं नेहमीचं आहे, पाणी वाढवू नका. आच्छादन दर वर्षी बसतं, एक इंच नवं घाला. आणि कुंपणाच्या कडेला दर पंधरा दिवसांनी एक चक्कर मारा, हरळी तिथूनच परत येते.